न्हाव्याच्या खुंटीवरची गिटार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या चर्चचे ज्येष्ठ विश्वस्त श्रीमान मार्कान्तोनिओ तिओत्सो, व्यासपीठावर बसलेले वंदनीय फादर, पादुआहून एवढ्या थंडीत मुद्दाम आलेले व्हायोलिनवादक श्रीमान एर्मोलाओ, ज्यांनी हे सभागृह उघडून दिलं ते मच्छीमार संघाचे पदाधिकारी, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत ते आपले मास्तर गास्पारो तेस्सारिन, समोर बसलेल्या किओज्जाकर बंधूंनो आणि भगिनींनो, आणि पहिल्या बाकावरच्या काते मावशी. मावशींचं नाव वेगळं घेतलं, कारण नाही घेतलं तर त्या ते स्वतः घेतील.

मला बोलता येत नाही. हे मी विनयानं सांगत नाही, खरंच येत नाही. लहानपणी चर्चमधल्या फादरांनी मला अक्षरं शिकवली आणि आकड्यांपर्यंत येता येता ते बिचारे थकले. आज खरं तर औषधवाले श्रीमान झोर्झी बोलणार होते. काल त्यांचा घसा बसला. त्यांनी आपल्याच दुकानातला काढा घेतला आणि उरलासुरला आवाजही गेला. म्हणून सकाळी अध्यक्षमहाराज दुकानात आले नि म्हणाले, "अरेरे, तू बोल. मास्तरांची दाढी इतकी वर्षं तूच केलीस." तर उभा राहिलोय.

पादुआच्या पाहुण्यांसाठी सांगतो, 'अरेरे' हे माझं नाव आहे. आमच्या किओज्जात निम्मे आडनावानं बोस्कोलो आणि निम्मे तिओत्सो. कालव्यावर उभं राहून माझ्या खऱ्या नावानं "बत्तिस्ता बोस्कोलो!" अशी हाक मारली तर दोन्ही काठांवरून माणसं ओ देतील आणि एखादा पाण्यातही पडेल. म्हणून प्रत्येकाला टोपणनाव. अध्यक्षांचा दोरखंडांचा व्यापार, त्यांना 'पक्की गाठ' म्हणतात. मी 'अरेरे', कारण मला सगळ्याची काळजी वाटते. आताही वाटते आहे. ती मेणबत्ती बघा, टेबलावरच्या कापडाला किती जवळ आहे. जरा सरकवा कोणीतरी. ती नव्हे, उजवीकडची. हां. कापडाखाली काय आहे ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. मास्तरांना ठाऊक नाही असं आपण धरून चालू या.

काय म्हणालात मावशी? रस्सा गार होतोय? होऊ दे थोडा. मी आत्ता तर सुरुवात केली.

तर मास्तर. मास्तर आपल्या गावात आले ते ऑर्गन वाजवायला आणि सणावारांचं संगीत बसवायला. सडपातळ माणूस, दाढी मात्र अशी राठ की वस्तरा दोनदा परजावा लागे. आणि बोलणं हळू. किती हळू? आपल्याकडे स्वयंपाकघरात कोणी "मीठ दे" म्हणालं तर तीन घरांतून मीठ येतं. अशा गावात मास्तर हळू बोलायचे. पहिलं वर्षभर त्यांचं कोणाला काही ऐकूच आलं नाही. लोकांना वाटलं माणूस आजारी आहे. मावशींनी माशाचा रस्सा पाठवला. मास्तरांनी तो प्यायला आणि आभार मानले. तेही कोणाला ऐकू आले नाहीत. म्हणून मावशींनी दुसऱ्या दिवशी आणखी पाठवला.

माझ्या दुकानात, आरशाशेजारी, खुंटीवर एक गिटार टांगलेली असते. माझ्या वडिलांची. सगळ्याच न्हाव्यांकडे असते, त्यात नवल नाही. ज्याचा नंबर यायचा असतो तो ती काढतो, चार तारा छेडतो, आणि त्या तालावर बाकीचे बोलत बसतात. कोणाच्या जाळ्यात काय आलं, कोणाची सून माहेरी गेली, सगळं. कोणी ती चांगली वाजवावी अशी अपेक्षा नसते. उलट कोणी फार चांगली वाजवायला लागला तर लोक म्हणतात, "बाबा रे, जरा हळू, बोलू दे." गिटार वाजली की तोंड उघडायचं, हा आपला बापजाद्यांपासूनचा रिवाज. हे ध्यानात ठेवा. पुढं लागणार आहे.

एका शनिवारी मास्तर आपल्या नंबराची वाट बघत बसले होते. त्यांनी गिटार काढली. वाजवली नाही, नुसती कानाशी धरून एकेक तार बोटानं हलवत राहिले. मग खुर्चीत येऊन बसले तरी हातात तीच. मी फेस लावला. ते म्हणाले,

"बत्तिस्ता, हे वाद्य कोणाचं?"

"माझ्या वडिलांचं, मास्तर."

"तसं नव्हे. हे वाजवतं कोण?"

"ज्याचा नंबर यायचाय तो."

मास्तरांनी पुन्हा एक तार हलवली. फेस वाळायला लागला. मग म्हणाले, "म्हणजे हे वाट बघणाऱ्याचं वाद्य. कर्णे, नगारे वाजतात ते पोचलेल्यांसाठी. बिशप आले, सेनापती आले. जे वाट बघत बसलेत त्यांच्यासाठी कोणी काही लिहिलेलंच नाही."

मी म्हणालो, "मास्तर, बोलू नका, वस्तरा गळ्यावर आहे."

संगीताच्या इतिहासात माझी कामगिरी ही एवढीच.

पुढच्या शनिवारी ते म्हणाले, मी गिटारीसाठी कॉन्चेर्तो लिहितोय. मी विचारलं, म्हणजे काय? ते म्हणाले, "एकजण बोलतो तेव्हा बाकीचे ऐकतात. मग बाकीचे बोलतात, तेव्हा तो एकजण ऐकतो. इथे गिटार एकटी बोलणार आणि व्हायोलिनं, चेलो वगैरे बाकीचे." मी म्हणालो, "मास्तर, हे किओज्जात चालायचं नाही. इथे बाकीचे कधी ऐकत नाहीत."

हसता काय? खोटं आहे का?

आता अध्यक्षमहाराजांनी रागावू नये. त्यांची परवानगी मी दुपारीच घेतली आहे. त्या काळात विश्वस्तांचं मास्तरांविषयी मत बरं नव्हतं. आदल्या दोन सणांचं संगीत साफ पडलं होतं. एकदा ऑर्गनचा भाता फाटला, एकदा शिळी कालवं खाऊन गायकांची पोटं बिघडली. मास्तरांचा दोष काडीचाही नव्हता, पण माणूस हळू बोलणारा, आपली बाजू मांडली तरी ऐकणार कोण? त्रेव्हिझोचा एक ऑर्गनवाला तयारच होता, चांगला दणदणीत वाजवणारा. विश्वस्तांनी ठरवलं, यंदाचा संताचा सण शेवटचा. लोकांना आवडलं तर मास्तर राहतील, नाहीतर त्रेव्हिझो. आणि मास्तरांचं राहतं घर चर्चचं. नोकरी गेली की घर गेलं. बायको तेव्हा पोटुशी होती. पहिलंच मूल.

आणि अशा वेळी हा गृहस्थ विश्वस्तांना जाऊन सांगतो की यंदा मी चर्चमध्ये गिटार वाजवणार!

अध्यक्ष तेव्हा काय म्हणाले ते मी त्यांच्याच तोंडचं सांगतो. "चर्चमध्ये गिटार? मग वस्तरापण आणा. प्रसादाचा पाव हातात पडेपर्यंत सगळ्यांची दाढी तरी होऊन जाईल."

बघा, स्वतःच हसताहेत. मोठा माणूस.

पण त्यांनी नाही म्हटलं नाही. माझ्या मते त्यांना वाटलं, बरंच झालं, आपल्या पायानं खड्ड्यात जातोय, आपल्याला ढकलायला नको. मान हलवताहेत, म्हणजे तसंच वाटलं होतं.

मग पादुआहून व्हायोलिनवाले आले. त्यांचे म्होरके हे श्रीमान एर्मोलाओ. तेव्हा केस त्यांचे स्वतःचे होते. पहिल्या तालमीला मी हजर होतो, कारण गिटार माझी होती आणि माझा जीव तिच्यात होता. चर्चमधली ओल, मेणबत्त्यांची धग, आतड्याच्या तारा. एक तुटली की संपलं. एर्मोलाओ गज टेकवून ऐकत राहिले आणि म्हणाले, "मास्तर, हा वरातीत शिरलेला डास आहे. आम्ही वाजवायला लागलो की सापडणार नाही."

मास्तर म्हणाले, "मग तुम्ही गजाच्या टोकानं वाजवा. झोपलेल्या बाळावर पांघरूण घालतो ना, तसं."

"मला पैसे वाजवण्याचे मिळतात, न वाजवण्याचे नाहीत."

"न वाजवणं जास्त अवघड असतं," मास्तर म्हणाले. "म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

झालं, एर्मोलाओ पाघळले. स्तुतीनं पाघळत नाही असा व्हायोलिनवाला अजून जन्मायचा आहे. त्यांनी इतकं हळू वाजवलं की मला गिटारीची प्रत्येक तार वेगळी ऐकू आली. पण चर्च रिकामं होतं! मी घरी जाऊन बायकोला म्हणालो, अरेरे, रिकाम्या चर्चमध्ये ऐकू येतंय, भरल्या चर्चमध्ये काय होणार? ती म्हणाली, "झोप."

सणाचा दिवस उजाडला. चर्च खचाखच भरलं. सगळ्या होड्या किनाऱ्याला, म्हणजे सगळे आवाज गावात. मास्तर समोर बसले, मांडीवर माझी गिटार, मागे व्हायोलिनं. मास्तरांची मान मला पाठ आहे. घामानं चकाकत होती.

व्हायोलिनं सुरू झाली. लोक गप्प. वा! मी देवाचे आभार मानायला हात जोडले. तेवढ्यात व्हायोलिनं थांबली आणि गिटार एकटी बोलू लागली.

आणि मंडळी, अख्ख्या चर्चनं तोंड उघडलं.

कोणाच्या मनात वाईट नव्हतं हो! सवय! गिटार ऐकली की आपण न्हाव्याच्या दुकानात असतो. माझ्या मागच्या बाकावर एकीनं दुसरीला विचारलं, "सार्डिनच्या लोणच्यात यंदा कांदा किती घातलास?" तिनं सविस्तर सांगितलं. पलीकडे वल्ह्याच्या उधारउसनवारीवरून भांडण जुंपलं. आणि 'वाकडं वल्हं', आपला पिएरो, गालावरून हात फिरवत मोठ्यानं म्हणाला, "अरेरे, याच्यानंतर माझा नंबर हं! आधीच सांगून ठेवतो."

पुन्हा व्हायोलिनं आली, पुन्हा सगळे चिडीचूप. पुन्हा गिटार, पुन्हा बाजार. पहिला भाग असाच गेला. मास्तरांचे कान लाल झाले होते. विश्वस्तांच्या बाकावर अध्यक्ष शेजारच्याच्या कानात काही म्हणाले. काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, पण त्यात त्रेव्हिझो होतं. खांबाशी मास्तरांची बायको बसली होती, दोन्ही हात पोटावर. ती कोणाकडेच बघत नव्हती.

मग दुसरा भाग. संथ. यात गिटार जवळजवळ एकटीच असते. मी डोळे मिटून घेतले.

इथे पाहुण्यांना एक गोष्ट सांगायला हवी. हिवाळ्यात समुद्रावर धुकं उतरतं आणि होड्या बाहेर अडकतात. दिवा दिसत नाही, काठ दिसत नाही. तेव्हा घरातल्या बाया धक्क्यावर येऊन उभ्या राहतात. आधी रड, हाका, देवाचा धावा, सगळं चालतं. मग काते मावशी पायातली खडाव काढतात आणि दगडावर आपटतात. एकदाच. त्यानंतर कोणी बोलत नाही. खोकत नाही. तान्ही पोरंसुद्धा गप्प होतात, कशी ते देव जाणे. कारण लांबून येणाऱ्या वल्ह्याचा आवाज फार बारीक असतो. तो ऐकू आला तर आपण काठावरून हाक द्यायची, म्हणजे होडीला दिशा कळते. नाही ऐकू आला, तर होडी काठाशेजारून निघून जाते. ते एक गप्प बसणं आपल्याला येतं. बाकी कुठलंच येत नाही.

तर गिटारीचे पहिले दोनचार सूर पडले असतील. चर्चमध्ये गलका होताच. आणि खाडकन आवाज झाला.

मी डोळे उघडले. मावशी उभ्या होत्या. एक पाय अनवाणी. खडाव हातात.

सगळं चर्च थांबलं. मध्येच. कांद्यावर थांबलं, वल्ह्यावर थांबलं. कोणी मागे वळून पाहिलं नाही. सगळ्यांच्या माना एका बाजूला कलल्या आणि हात कानामागे गेले, जसे धक्क्यावर जातात. आणि मग ती ऐकू आली.

मला संगीतातलं कळत नाही. एवढं सांगतो, एकेक सूर असा पडत होता की कोणीतरी थकलेला माणूस दमानं वल्हं मारतोय, घाई नाही, पण थांबतही नाही. व्हायोलिनं मागे होती, पण धुकं असतं तशी. असतं, बोलत नाही. वाकड्या वल्ह्याचा थोरला भाऊ आदल्या हिवाळ्यात समुद्रावरून परत आला नव्हता. पिएरो गालावरचा हात तसाच ठेवून बसला होता, आणि मला वाटतं त्या थोड्या वेळात त्याला ते वल्हं जवळ येताना ऐकू येत होतं. मलाही माझे वडील आठवले. ते तर कधी होडीतच बसले नव्हते, त्यांना पाण्याची भीती वाटायची. तरी आठवले.

मग तिसरा भाग सुरू झाला, जलद, उड्या मारत. आणि होडी काठाला लागली की आपण जे करतो तेच लोकांनी केलं. ओरडले! खडावा आपटल्या, तालात! फादर, तुमचा पायही झग्याखाली चालला होता, मी पाहिलं. एर्मोलाओंनी गजाचं टोक सोडून अख्खा गज लावला. आता कोणाला कोण ऐकू येत नव्हतं आणि कोणाला त्याची पर्वा नव्हती. मास्तर हसत होते. आमच्या गावात आल्यापासून पहिल्यांदाच त्यांचे दात दिसले. चांगले दात आहेत.

सोमवारी अध्यक्ष माझ्या दुकानात आले. गर्दी होती. त्यांनी स्वतःच्या हातानं खुंटीवरची गिटार काढली, मांडीवर घेतली, आणि मला विचारलं, "अरेरे, त्रेव्हिझोवाल्याला काय निरोप पाठवू?"

मी म्हणालो, "सांगा, बसून राहा, नंबर लागायला वेळ आहे."

तो अजून बसलेलाच असेल.

मावशींना मी नंतर विचारलं, "मावशी, तुमचं आणि मास्तरांचं तर तेव्हा बोलणं बंद होतं. तालमीच्या आवाजानं झोप मोडते म्हणून तुम्ही त्यांच्या दारात माशांची आतडी टाकली होतीत. मग खडाव का आपटलीत?"

"टाकली होती. अजून टाकेन," म्हणाल्या. "मला मेलीला काय कळतंय गाण्यातलं? कोणीतरी येतंय असं वाटलं. म्हणून म्हटलं, गप्प बसा, ऐकू द्या."

काय मावशी, बरोबर सांगितलं ना? डोळ्याला रुमाल कशाला? रश्श्याची वाफ एवढ्या लांब येते?

त्यानंतर प्रत्येक सणाला आपण तो कॉन्चेर्तो ऐकला. महिन्याभरात मास्तरांना मुलगी झाली, आन्झोला. ती आपल्यात वाढली, म्हणून तिचा आवाज विचेन्झापर्यंत ऐकू जायचा, आणि शेवटी तिथूनच मागणी आली. मास्तरांचा कॉन्चेर्तोही बाहेर गेला. एर्मोलाओ मघाशी मला सांगत होते की पादुआत आता तो हस्तिदंती नक्षीच्या गिटारीवर वाजवतात, मोठमोठ्या घरांत, बड्या माणसांपुढे. मी घाबरत विचारलं, "आणि लोक गप्प बसतात?" ते म्हणाले, "अगदी गप्प बसतात. पण कोणाची वाट बघत नाहीत."

आता मास्तर जाताहेत. वहिनी गेल्यापासून त्यांना ते घर मोठं वाटतं, आन्झोला बोलावते आहे, नातवंडं आहेत. आनंदाची गोष्ट आहे, आणि मी आनंदातच आहे. फक्त विचेन्झाची हवा कोरडी असते असं ऐकलं, तारा कोरड्या हवेत आखडतात. आणि तिथला न्हावी कसा असेल कोण जाणे. मास्तर, त्याला सांगा, हनुवटीखाली केस उलटे आहेत, वस्तरा खालून वर न्यायचा. विसरू नका. तुम्ही हळू बोलता, दोनदा सांगा.

उद्या पहाटे होडी सुटेल. माझा गुडघा सांगतो की धुकं असणार. आपली पद्धत अशी की होडी दिसेनाशी होईपर्यंत धक्क्यावरून ओरडायचं. उद्या माझी सगळ्यांना हात जोडून विनंती आहे, कोणी ओरडू नका. मावशी, खडाव घालून या. मास्तर होडीत बसतील, मांडीवर गिटार घेतील, आणि तो संथ भाग वाजवतील. नाही म्हणू नका मास्तर, नावाड्याशी बोलणं झालंय, तो वल्हं हळू मारणार आहे. आणि आपण ऐकू. ऐकू येईनासं झालं तरी जरा वेळ तसेच उभे राहू. धुक्यात आपण लगेच घरी जात नाही.

जो ओरडेल त्याची दाढी मी करणार नाही. नाताळ तोंडावर आहे, विचार करा.

संपवतो. अध्यक्षांनी इतका वेळ स्वतःची थट्टा सहन केली, एर्मोलाओ थंडीतून आले, संघानं सभागृह दिलं, मावशींनी रस्सा गार होऊ दिला, त्या सगळ्यांचे मनापासून आभार. माझी जीभ वस्तऱ्यासारखी सराईत नाही. कुठे जास्त लागली असेल, कोणाला ओरखडा आला असेल, तर थोडी तुरटी फिरवा आणि या म्हाताऱ्याला माफ करा.

आता ते कापड काढा. मेणबत्ती सांभाळून! हो मास्तर, तीच. वडिलांची. तारा नव्या लावल्यात, लाकडाला तेल दिलंय. नाही, खुंटी रिकामी राहणार नाही, लोक त्या खुंटीला टोप्या अडकवतील. तुम्ही काळजी करू नका, ते माझं काम आहे.

मंडळी, उद्यापर्यंत कशाला थांबायचं? बोलणं बंद करा जरा. मावशी, आपटा.

या मास्तर, बसा. नंबर तुमचा.